लवंगेच्या बरणीतलं जायफळ

बरणीवर ‘लवंग’ असं लिहिलेलं होतं आणि बरणीत जायफळाची पूड होती. सहा वर्षं तरी होती. नवऱ्याने झाकण फिरवलं, बरणी नाकाखाली धरली, डोळे मिटून नेहमीसारखा एक आखूड आणि एक लांब असे दोन श्वास घेतले आणि म्हणाला, “लवंग. जरा उतरलीय, पण चालेल. ठेव.” तिने बरणी घेतली आणि टेबलाच्या डाव्या बाजूला, ठेवायच्या वस्तूंमध्ये नेऊन ठेवली. मग पुढची बरणी फडक्याने पुसू लागली. ती आधीच पुसून झालेली होती, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

सोमवारी सकाळी नळवाला येणार होता. ओट्यावरच्या भिंतीला महिनाभर ओल येत होती, आधी हाताएवढी, मग ताटाएवढी, आणि नळवाल्याने भिंतीवर दोन बोटं टकटक वाजवून निदान केलं होतं की आतला पाइप गेला. “भिंत फोडावी लागेल, बाई. कपाट रिकामं करून ठेवा, नाहीतर माझा अर्धा दिवस तुमच्या बाटल्या उचलण्यात जायचा.” तेव्हा रविवारी जेवण आटोपल्यावर दोघांनी कोपऱ्यातलं कपाट काढायला घेतलं. प्रत्येक घरात एक कपाट असं असतं, की त्यात वस्तू जातात पण त्यातून येत नाहीत. वरच्या फळीवरून मोहरीच्या सॉसच्या तीन बाटल्या निघाल्या, तिन्ही उघडलेल्या, तिन्हींच्या झाकणाशी पिवळा खडा धरलेला. व्हिनेगर निघालं. बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेल्या टोमॅटो सॉसच्या पुड्या निघाल्या, त्या इतक्या, की आपण एवढ्या वेळा घरी स्वयंपाक केला नव्हता याची तिला लाज वाटली. कसल्यातरी वाळक्या पानांची एक डबी निघाली, ती कोणी आणली आणि कशात घालायची हे दोघांनाही आठवेना. आणि मग बरण्या. लहान, मोठ्या, मधाच्या, औषधाच्या, मुलीच्या लहानपणच्या दुधाच्या पावडरीच्या. तो खुर्चीत बसला होता, ती उभी होती. ती एकेक बरणी पुसून त्याच्यापुढे धरायची, तो वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. घरात अशी कामं नेहमी अशीच होत. ज्याच्या नाकावर घर चाललं, त्यानेच नाक चालवायचं, हा साधा हिशेब होता.

बरण्यांवरची लेबलं त्याच्याच अक्षरातली होती. एकोणीस वर्षांपूर्वी या घरात राहायला आले तेव्हा एका दुपारी बसून त्याने ती लिहिली होती, काळ्या शाईने, ठसठशीत. आणि तिने वर्षभरात त्यांचा पार विचका करून टाकला होता. जी बरणी धुऊन वाळलेली असेल तिच्यात हाताशी असेल ते भरायचं, हा तिचा खाक्या. ‘जिरे’मध्ये धने, ‘मिरी’मध्ये मोहरी, ‘साखर’ लिहिलेल्या बरणीत तर कपडे वाळत घालायचे चिमटे. पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो चिडला नाही. हसत म्हणाला होता, “राहू दे. या घरात लेबलं पाहुण्यांसाठी आहेत.” पुढे कितीतरी वर्षं हा विनोद टिकला. तो स्वयंपाकघरात आला की बरणीकडे न बघता नुसतं झाकण किंचित उचलायचा आणि जे हवं ते काढायचा. लेबल वाचताना तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

आज मात्र तो वाचत होता. आता ती बघायलाच लागली म्हणून तिला दिसलं. बरणी हातात घेतली की आधी अंगठा लेबलावरून फिरायचा, नजर अक्षरावर जायची, आणि मगच डोळे मिटायचे.

“झोपलीस का? पुढची दे,” तो म्हणाला.

तिने मिऱ्यांची बरणी दिली. तिच्यात खरोखरच मिरी होती. त्याने श्वास घेतला, त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो दोनदा सणसणीत शिंकला. शिंकून झाल्यावर डोळे पुसत तो हसला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, “ही बघ, ही अजून जिवंत आहे! ही ठेव.” एवढा आनंद व्हावा असं त्या मिऱ्यांत काही नव्हतं. मोहरीच्या सॉसनेही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेव्हाही तो असाच हसला होता. व्हिनेगरची तर त्याने तारीफ केली होती. जे जे झोंबतं त्याच्याबद्दल तो खात्रीने बोलत होता. बाकीच्यांबद्दल तो ‘जरा उतरलंय’, ‘तसं बरं आहे’, ‘ठेव, बघू’ असं म्हणत होता. ‘तसं बरं आहे’ हे शब्द तिने त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकले नव्हते. त्याच्याकडे दोनच शब्द होते, ‘चालेल’ आणि ‘परत’.

मसाल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात तो एकतीस वर्षं माल पारखत होता. ट्रक आला की पाच-दहा पोत्यांना सळई खुपसून नमुना काढायचा, चिमूटभर डाव्या तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. एक नमुना झाला की दुसऱ्याआधी स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसून एक श्वास घ्यायचा, म्हणजे आधीचा वास पुसला जातो. मग ‘चालेल’ म्हटलं की माल आत, ‘परत’ म्हटलं की ट्रक वळायचा. प्रयोगशाळेचा अहवाल यायला चार दिवस लागत, तेवढे दिवस ट्रक कोण उभे करणार? तेव्हा सगळा कारभार याच्या नाकाच्या शेंड्यावर. गोदामात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. ‘नाकसाहेब’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. लग्न झाल्यावर तिलाही तिथल्या बायका कार्यक्रमांत ‘नाकसाहेबांच्या बाई’ म्हणायच्या, तेव्हा तिला हसू यायचं आणि थोडी मानही ताठ व्हायची.

ती दाताच्या दवाखान्यात होती, अजूनही होती. पुढच्या टेबलावर बसून नावं लिहिणं, आत डॉक्टरीणबाईंना औषधं कालवून देणं. तिथेच तो पहिल्यांदा आला होता, उजवा गाल कलिंगडाएवढा सुजलेला, बोलता येत नाही, डोळ्यांतून पाणी. तिने कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन त्याच्यापुढे धरलं तर या माणसाने तो बोळा दाढेत धरण्याआधी हुंगला आणि सुजलेल्या तोंडाने कसंबसं म्हणाला, “यात भेसळ आहे.” डॉक्टरीणबाई भडकल्या. कोण हा उपटसुंभ! पण त्यांनी बाटली कंपनीकडे तपासायला पाठवली आणि खरंच भेसळ निघाली. आभार मानायला तिनेच त्याच्या गोदामात फोन केला होता. पुढे जे झालं ते झालं. म्हणजे त्यांच्या संसाराची पहिली ओळच मुळी लवंगेच्या वासाची होती, आणि आज तोच माणूस जायफळाला लवंग म्हणाला होता. दुसरा कोणी असता तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. जुनी झाली की कुठलीही पूड मातकटच दिसते, डोळ्यांना फसायला होतं. पण डोळ्यांनाच. ती उगाचच नळाखाली हात धुऊन आली. हात धुण्याचं काही कारण नव्हतं.

तिच्या छातीत काहीतरी धडधडत होतं, आणि ती नुसती भीती नव्हती. तिला स्वतःची चीड आली, कारण त्या धडधडीत आनंदही होता. कसला आनंद? माणसाचं नाक गेलं की काय अशी शंका येते आणि बायकोला आनंद होतो? पण होत होता खरा. कारण गेले चार महिने ती मनातल्या मनात मेलेली होती. नाकसाहेबाशी संसार करणं सोपं नव्हतं. सत्तावीस वर्षं ती एका नाकाच्या पहाऱ्यात राहिली होती. ती संध्याकाळी दारातून आत आली, की तो वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणायचा, “आज दाढ काढली वाटतं कोणाची,” किंवा “आज नुसतीच भरणी, होय ना?” किंवा “डॉक्टरीणबाईंनी साबण बदलला.” एकदा तिने मैत्रिणीच्या आग्रहाने दवाखान्याच्या गच्चीवर सिगारेटचे दोन झुरके घेतले होते, दोनच, वर चार वेळा चूळ भरली होती. घरी आली तर तो काहीच बोलला नाही, फक्त उठून खिडकी उघडली. आठवडाभर तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. चोरून काही करायची सोयच नव्हती. शिळं झाकायची नाही, करपलेलं वरवर काढून वाढायची नाही, रडून आल्यावर तोंड धुऊन हसायचीसुद्धा नाही, कारण तो म्हणायचा की रडलेल्या माणसाचा वास वेगळा येतो. ती कावायची. ‘मी बायको आहे तुमची, पोतं नाही,’ असं एकदा ओरडलीही होती. पण तिची आई गेली तेव्हा आईचा लोकरी स्वेटर तिने धुवायला टाकला, तर त्याने तो बादलीतून काढला, कोरडाच होता अजून, घडी करून पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाला, “धुऊ नकोस. अजून आहेत त्या यात. वर्षभर राहतील.” त्या दिवशी ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली होती. जगात आपल्याला इतकं बारकाईने ओळखणारं एक माणूस आहे, त्याचा त्रास होतो आणि त्याच्यावाचून करमतही नाही, असं ते सगळं होतं.

आणि मग तो मंगळवार. त्या दिवशी दवाखान्यात एकापाठोपाठ तीन दाढा काढल्या होत्या, स्पिरिटची बाटली तिच्याच ओच्यात सांडली होती, रस्त्यात बसमधल्या बाया तिच्यापासून लांब सरकत होत्या. दारातून आत येताना ती त्याच्या वाक्याची वाटच बघत होती. तो तापातून नुकता उठलेला, सोफ्यावर पाय घेऊन बसलेला. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, “आलीस? चहा ठेवू?” बस. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तिने नवं तेल आणलं केसांना, भारी, उग्र वासाचं, मुद्दाम. त्याने ‘केस छान दिसतायत’ म्हटलं. दिसतायत! सत्तावीस वर्षांत त्याने तिचं काही दिसतं असं म्हटलं नव्हतं. तेव्हापासून ती दिवस मोजत होती, म्हणजे रुसलेली माणसं मोजतात तसे. रात्री पाठ करून झोपताना एक दिवस आणखी. बहिणीला फोनवर म्हणाली होती, “आमचं काय गं, आता दोन भाडेकरू आहोत एका घरात.” बहीण म्हणाली, बाहेर काही भानगड नाही ना? तर ती हसली, म्हणाली, या छप्पन्न वर्षांच्या नाकाला कोण बया भुलणार. पण फोन ठेवल्यावर तिने त्याचा शर्ट धुण्याआधी हुंगून पाहिला होता. तिच्या साध्या नाकाला त्यात नुसते धने आले.

“ही कसली गं?” तो विचारत होता. वाळक्या पानांची बिननावाची डबी त्याच्या हातात होती. डबीला लेबल नव्हतं. तो ती उलटसुलट बघत होता, आणि तिला दिसलं की त्याच्या कपाळावर घाम आहे.

“तुम्हीच सांगा. तुम्हाला काय वाटतं?”

“टाक. मेलंय ते,” तो पटकन म्हणाला आणि डबी उजवीकडे, टाकायच्या ढिगात सारली.

आता तिला सगळंच आठवायला लागलं, आणि आठवणी एकमेकींना ढकलत पुढे येऊ लागल्या. मागच्या आठवड्यात दूध उतू जाऊन जळलं, ती न्हाणीघरातून ओरडत धावली, तर हा शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेला. म्हणाला, डुलकी लागली होती. ताटातल्या प्रत्येक पदार्थावर मिरी घालून घेण्याची ही नवी खोड. जेवताना हल्ली तो नुसता घास चावतो, चव घेत नाही. सकाळी तिला जाग येते तेव्हा तो आधीच जागा असतो आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत असतो. तिला वाटायचं, कंटाळा आलेला माणूस असाच बघतो. आणि शुक्रवार. शुक्रवारी रात्री जेवताना त्याने एक किस्सा सांगितला होता. धने आले होते, मोठा माल, जहाजातून तीन आठवडे प्रवास करून, चारशे पोती. “आणि तो ट्रकचा ड्रायव्हर काय, मी पोतं उघडलं तर नाकाला रुमाल लावून दहा पावलं मागे. इतकी सर्दी झाली होती बिचाऱ्याला.” तो हसला होता, तीही हसली होती. माल आत घेतला होता. चालेल.

सर्दी झालेला माणूस नाकाला रुमाल लावतो, पण दहा पावलं मागे जात नाही. तिच्या हातातलं फडकं घट्ट पिळलं गेलं. सोमवारी सकाळी तो माल चक्कीवर जाणार. एकदा दळला, की पुड्या बांधल्या जाणार, आणि मग कुठल्या घरात, कुठल्या लेकराच्या ताटात कोणती पुडी जाईल ते देवालाही कळणार नाही. बुरशी दळली तर दिसत नाही, एवढं तीही त्याच्या तोंडून ऐकून शिकली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जिऱ्यांचं झाकण लावत होता, आट्यावर नीट बसेना म्हणून पुन्हा पुन्हा लावत होता. विचारावं का? सरळ विचारावं, तुम्हाला वास येत नाही का? आणि समजा येत असला? समजा एकच चूक झाली असली, जिऱ्याचीही धने म्हणून चूक होतेच की एखादी? एकतीस वर्षांच्या नाकावर संशय घ्यायचा म्हणजे तोंडात मारल्यासारखंच. ती खात्री करून घ्यायची म्हणून वळली, असं तिने स्वतःला सांगितलं.

फळीवर व्हॅनिला इसेन्सची तपकिरी काचेची लहानशी बाटली होती. मुलीच्या केकच्या हौशीच्या दिवसांतली. तिने ती पाठमोरी होऊन मोरीत उपडी केली, दोनदा विसळली, तीनदा विसळली, सकाळचा किटलीत उरलेला गार कोरा चहा तिच्यात ओतला आणि बूच लावलं. बाजारात कोणाचा खिसा कापावा तसं वाटत होतं. ती वळली आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

त्याने लेबल पाहिलं. बूच काढलं. आखूड श्वास, मग लांब श्वास. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मऊ, हरवलेलं हसू पसरलं, ओठ किंचित उघडले, मान एका बाजूला झाली. “अजून गोड आहे,” तो म्हणाला. “आठवतं तुला, ती सगळं घर उधळायची केक करताना? ठेव ही.”

इतकं चांगलं सोंग तिने कधी पाहिलं नव्हतं. किंवा ते सोंग नव्हतं, आठवणच होती, वासाच्या जागी आठवण ठेवून हा माणूस चार महिने जगत होता. तिला गलबलून आलं. जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. आपण हे करायला नको होतं, सरळ विचारायला हवं होतं, असं वाटलं, आणि आता खूप उशीर झाला होता.

“अहो,” ती म्हणाली. “तो चहा आहे.”

त्याने बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बाटली त्याने फार जपून, आवाज न करता, टेबलावर ठेवली.

“आणि मघाशी लवंग म्हणालात ते जायफळ आहे. सहा वर्षं आहे.”

“मला वाटलंच,” तो म्हणाला. “झाकणाला लागलेली पूड बोटांना जरा तेलकट लागली, जायफळासारखी. पण लिहिलेलं लवंग होतं.” तो थोडा हसला. “पाहुणा झालो बघ.”

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने विचारलं नाही, पण तो बोलत सुटला, मान खाली घालून, बरणीच्या झाकणावर बोट फिरवत. काहीच येत नाही, म्हणाला. मिरी झोंबते, मोहरी झोंबते, पण ते नुसतं दुखणं झालं, वास नव्हे. पहिल्यांदा वाटलं होतं, येईल परत, आठ दिवसांत येईल. मग वाटलं, महिन्याने. गोदामात हाताने ओळखतो, कानाने ओळखतो, जिरं कोरडं असलं की मुठीत वाजतं. माल कोणाचा आहे ते बघतो. नेहमीचा चांगला देणारा असला की चालेल, नवा असला की परत. “दोन जण बरे होते बिचारे, उगाच परत पाठवले,” तो म्हणाला. “कोपरात नाक घालतो ना मी, तेव्हा तेवढं बरं वाटतं. सगळ्यांना वाटतं नाकसाहेब वास पुसतोय. मी नुसता तोंड लपवून घेतो.”

“मला का नाही सांगितलंत?”

बाहेर कोणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचं पीं पीं वाजत राहिलं आणि थांबलं.

“पहिल्या दिवशी सकाळी जाग आली,” तो म्हणाला, “तर वाटलं, तू घरात नाहीस. डोळे मिटलेलेच होते. मला इतकी भीती वाटली, कुठे गेली ही एवढ्या सकाळी? आणि डोळे उघडले तर तू शेजारीच. तुझा हात माझ्या अंगावर. तेव्हापासून रोज आधी डोळे उघडून बघतो, आहेस ना. हे कसं सांगायचं गं? तू जिवंत शेजारी असताना तू नाहीस असं वाटतं, हे सांगायचं कसं?”

तिने त्याचा हात धरला. ती रडत होती आणि तिला ठाऊक होतं की याला ते आता बघितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. आपल्याला कोणी सोडून दिलेलं नव्हतं, उलट रोज सकाळी कोणीतरी आपल्याला शोधत होतं, हे कळल्याचं सुख एवढं मोठं होतं, की क्षणभर चारशे पोती तिच्या डोक्यातून पार निघून गेली. पण क्षणभरच.

“शुक्रवारचे धने,” ती म्हणाली.

“हं.”

“तो ड्रायव्हर…”

“माहितीय मला,” तो म्हणाला. “पोत्याच्या तळाशी हात घातला तेव्हा दाणे मऊ लागले. जरासेच. त्याने रुमाल लावला तेव्हा कळायला हवं होतं, कळलंही. पण सगळे माझ्याकडे बघत होते. एकतीस वर्षं ज्याच्याकडे बघतात त्याने विचारायचं कसं, अरे, वास येतोय का तुला?” त्याने डोळे चोळले. “दोन दिवस झोपलेलो नाही. सोमवारी लवकर जाऊन काहीतरी कारण काढून थांबवीन म्हणत होतो. पोती ओली आहेत म्हणेन, वजनात फरक आहे म्हणेन. काहीतरी.”

“कारण नको,” ती म्हणाली. “फोन करा. आत्ता.”

तो उठला. टेबलाभोवती एक फेरी मारली, उजव्या ढिगातली डबी डावीकडे ठेवली, पुन्हा उजवीकडे ठेवली. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. निरोपाला सगळं गोदाम जमलं असतं. तिने हे सगळं त्याच्या पाठीवर वाचलं. मग त्याने फोन लावला आणि उभ्यानेच बोलू लागला. मॅनेजरला गोदामात ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द तिलाही ऐकू येत होता.

“शुक्रवारचा धन्यांचा माल दळायला देऊ नका,” नवरा म्हणाला. “खराब आहे.”

“अहो, तुम्हीच तर चालेल म्हणालात!”

“मला वास येत नाही.”

“कशाचा?”

“कशाचाच. नाक गेलंय माझं.”

पलीकडे मॅनेजर मोठ्याने हसला. “नाकसाहेब, रविवारचे बरे सुचतात हो विनोद! घरी पाहुणे आलेत वाटतं? दुसऱ्याला सांगा, मी नाही फसायचो.”

“थट्टा नाही करत,” नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. एवढं अवघड वाक्य त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागत होतं. “खरंच नाही येत. काहीच.”

हसणं थांबलं. मग मॅनेजरने अगदी खालच्या आवाजात विचारलं, “केव्हापासून?”

नवऱ्याने तिच्याकडे पाठ केली आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “झाला असेल महिना. फार तर दीड.”

ती ऐकत होती. दीड महिना म्हणजे पाच-सहा ट्रक. त्यातला बहुतेक माल अजून गोदामातच असेल, एवढ्यावर भागेल. आजारी होता बिचारा, कळलं तसं सांगितलं, असं लोक म्हणतील. माणसाची अब्रू दीड महिन्यात मावते. चार महिन्यांत नाही मावत. चार महिने म्हणजे जाणूनबुजून, चार महिने म्हणजे तो सगळा माल शोधायचा, दुकानांतून पुड्या परत मागवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी कारण म्हणून याचं नाव सांगायचं. त्याने तिला किती दिवस झाले ते सांगितलं नव्हतं. जगात दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं. ती गप्प बसली असती तर ते कोणालाच कळलं नसतं, आणि गप्प बसावं असं तिच्या जिवाला फार वाटलं. एवढा वेळ तिने कधी विचार केला नव्हता, आणि सगळा मिळून तो एका श्वासाएवढाच होता.

तिने हात पुढे केला. त्याला वाटलं असावं, ही आपली बाजू घेऊन दोन शब्द बोलेल. त्याने फोन दिला.

“मी यांची बायको बोलतेय,” ती म्हणाली. “चार महिने नऊ दिवस झाले. त्या मंगळवारपासून जेवढा माल आत आलाय, तेवढा सगळा तपासून घ्या. बाहेर गेलाय तोही.”

मॅनेजर काहीतरी विचारत होता, ओरडत होता, मालकांना सांगतो म्हणत होता. ती ‘हो’ म्हणत राहिली. मग तिकडून फोन बंद झाला आणि तिने तो टेबलावर, बरण्यांमध्ये ठेवला. नवरा तिच्याकडे बघत होता. चिडलेला नव्हता. अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखा उभा होता, पण नजर हलत नव्हती.

“चार महिने नऊ दिवस,” तो म्हणाला. “बरोबर आहे. पण तुला कसं माहीत? कधी कळलं तुला?”

“कळलं आजच,” ती म्हणाली. “दिवस मात्र मी पहिल्यापासून मोजत होते.”